अमेरिकेहून आलेला फोन आणि न चालणारं सिम : नेटवर्क लॉकचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या दिवाळीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. आमचं सांगलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. परदेशातून आलेले आणि इथे बंद पडून राहिलेले फोन आमच्याकडे नेहमी येतात. त्यांतले बरेचसे बिघडलेले नसतातच. त्यांची सोडवणूक आमच्या टेबलावर होत नाही, आणि ग्राहकाला पटवून द्यायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच असते.

पार्श्वभूमी

निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ. आम्ही त्यांना सर म्हणतो. न्यू जर्सीला राहणारा त्यांचा भाचा दिवाळीला आला, तेव्हा मामांसाठी आयफोन १३ घेऊन आला. फोन आधी भाचेसूनबाई वापरत होत्या. त्यांना ऑफिसकडून नवा फोन मिळाला, म्हणून हा घरात पडून होता. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी चांगली. भाच्याने घरच्या वायफायवर तो चालू करून दिला, मामींना व्हिडिओ कॉल लावून दाखवला आणि तो परतीच्या विमानाला गेला.

सरांच्या जुन्या अँड्रॉइड फोनची बॅटरी फुगली होती आणि तो केव्हाही बंद पडत होता. भाचा गेल्यावर त्यांनी जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला, ‘सिम नॉट सपोर्टेड’. मुलीचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं, तोच संदेश. ओळखीच्या एकाने सांगितलं, "कंट्री लॉक आहे, चिप टाकून घ्या, दीड-दोन हजारांत काम होतं." सर चिप टाकून घ्यायला म्हणूनच आमच्याकडे आले.

नेमका कोणता लॉक?

‘फोन लॉक आहे’ या तीन शब्दांत किमान पाच वेगळ्या गोष्टी येतात. पडद्याचा पासकोड. ॲपल आयडीला, म्हणजे मालकाच्या ॲपल खात्याला, बांधलेला ॲक्टिव्हेशन लॉक, ज्याला बाजारात आयक्लाउड लॉक म्हणतात. विकणाऱ्या मोबाइल कंपनीचा नेटवर्क लॉक. चोरीची किंवा थकबाकीची नोंद झाल्यामुळे काळ्या यादीत गेलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. आणि आपल्याकडे हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये असतो तो फायनान्स कंपनीचा लॉक. प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते. म्हणून आधी निदान, मग पैशाची गोष्ट.

सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट. तिथे कॅरिअर (म्हणजे मोबाइल कंपनी) लॉकच्या ओळीत ‘सिम लॉक्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मोकळ्या फोनमध्ये याच जागी ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसतं. जुना आयफोन विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ही ओळ पाहावी. अर्धा मिनिट लागतो.

त्याच वेळी दुसरी गोष्ट दिसली. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भाचेसूनबाईंचं नाव होतं, म्हणजे फोन अजून त्यांच्या ॲपल आयडीवरच होता. तो नुसता रीसेट केला असता तर पुन्हा सुरू होताना त्याने त्यांचाच पासवर्ड मागितला असता. एका फोनवर दोन लॉक होते, आणि दोन्हींच्या किल्ल्या न्यू जर्सीत.

तिसरी तपासणी आयएमईआयची. *#०६# डायल केलं की सिम नसतानाही १५ अंकी क्रमांक दिसतो. या फोनला दोन आयएमईआय आहेत. पहिला लिहून घेतला आणि केवायएम, मग मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला. दूरसंचार विभागाची ही सोय आहे. हरवलेल्या-चोरलेल्या फोनच्या ज्या केंद्रीय नोंदवहीचा ती भाग आहे, तिची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रापासूनच झाली. आक्षेप निघाला नाही, म्हणजे इथल्या काळ्या यादीची भीती तूर्त नव्हती.

हा लॉक चालतो कसा

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाचा एक ओळख क्रमांक असतो, बहुधा १५ अंकी. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारतासाठी ४०४ आणि ४०५, अमेरिकेसाठी ३१० ते ३१६. पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. नेटवर्क लॉक असलेला फोन हे सुरुवातीचे अंक वाचतो आणि आपल्याला ठरवून दिलेल्या कंपनीशी ताडून पाहतो. जुळले नाहीत तर सिम कितीही चांगलं असो, फोन ते घेत नाही. दुसऱ्या भारतीय कंपनीचं सिम घालून पाहण्यात अर्थ नव्हता तो यामुळेच. फोनची अडचण भारताशी नव्हती. एका अमेरिकन कंपनीशिवाय त्याला जगातली कोणतीच कंपनी चालत नव्हती, अगदी अमेरिकेतली दुसरी कंपनीसुद्धा. बाजारातल्या ‘कंट्री लॉक’ या नावाने लोकांची इथेच दिशाभूल होते.

जुन्या नोकियात आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हा लॉक संकेतांक घालून निघतो. परकं सिम घातलं की फोन नेटवर्क अनलॉक पिन मागतो आणि तो पिन कंपनी देते. चुकीचे अंक घालण्याला मर्यादा असते. ती ओलांडली की फोन पुढे अंक स्वीकारतच नाही, आणि मग बरोबर पिन हाती असूनही उपयोग होत नाही. इंटरनेटवरून मिळालेले अंक घालून पाहू नका, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आयफोनमध्ये असा संकेतांक नसतोच. फोन कोणत्या कंपनीपुरता बांधलेला आहे याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. मोबाइल कंपनीने ॲपलला कळवलं की नोंद बदलते, आणि पुढच्या ॲक्टिव्हेशनच्या वेळी, म्हणजे फोन नव्याने सुरू करताना, फोनला ते समजतं. ॲपल स्वतःहून ही नोंद बदलत नाही. दुकानदाराला तर तिला हातही लावता येत नाही.

आपल्याकडे हा प्रकार फारसा माहीत नाही याचं कारण सरळ आहे. भारतात फोन एका दुकानातून रोख किंवा हप्त्यावर घेतात आणि सिम वेगळं घेतात. अपवाद झाले. २००३ मधले रिलायन्सचे सीडीएमए फोन त्याच कंपनीपुरते होते, आणि २०१७ चा जिओफोनही जिओच्या सिमवरच चालायचा. पण सर्वसाधारण फोन मोकळाच मिळतो. अमेरिकेत मोबाइल कंपनीच फोन विकते, बिलातून ३६ महिन्यांपर्यंत पैसे वसूल करते आणि तोवर फोन आपल्याकडे बांधून ठेवते. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे. अमेरिकेत तशी बंदी नाही. तिथे २०१३ च्या जानेवारीपासून कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं हाच कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू लागला होता. लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांच्या सहीने कायदा होऊन ती अडचण दूर झाली. ग्राहकाला स्वतःचा फोन अनलॉक करण्याची मुभा मिळाली. हप्ते फिटायच्या आत कंपनीने तो सोडलाच पाहिजे, अशी सक्ती मात्र त्या कायद्याने केली नाही.

समोरचे पर्याय

सरांच्या समोरच भाच्याला व्हॉट्सॲप कॉल लावला. तो चकित झाला. "मामा, हा फोन तर मला फुकट मिळालाय, दोन वर्षं झाली. लॉक कसा असेल?"

सगळं प्रकरण या ‘फुकट’मध्ये अडकलं होतं. त्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये जुना फोन बदलून हा घेतला होता. किंमत सुमारे ८०० डॉलर, ३६ हप्ते, महिना २२ डॉलर आणि काही सेंट. जुन्या फोनच्या बदल्यात कंपनी जवळजवळ तितकीच रक्कम दर महिन्याला बिलात परत जमा करत होती. त्यामुळे बिल वाढल्याचं घरात कोणालाच जाणवलं नाही. पण कागदोपत्री ते कर्जच होतं. २५ हप्ते फिटले होते, ११ बाकी होते.

आता पर्याय असे होते.

पहिला, चिपचा. बाजारात तिला आर-सिम किंवा टर्बो सिम म्हणतात. सिमला चिकटवायचा एक पातळ तुकडा. तो फोनला सिमची खोटी ओळख सांगतो आणि ॲक्टिव्हेशनमधल्या एखाद्या फटीतून फोनला पुढे ढकलतो. काही फोनवर तो चालतोही. पण फट बुजली, अपडेट आलं किंवा फोन रीसेट केला की सगळं पुन्हा करावं लागतं. कधी ट्रे अडकतो, कधी नेटवर्क मधेच जातं. सेटिंग्जमधली ‘सिम लॉक्ड’ ही ओळ तशीच राहते. ज्या माणसाचं पेन्शनचं खातं, बँकेचे ओटीपी आणि यूपीआय याच नंबरवर आहे, त्याच्या फोनमध्ये आम्ही ही चिप बसवत नाही. आमच्या शेजारची दुकानं बसवतात, गिऱ्हाईक तिकडे जातं, आणि तरीही आमचं हेच मत आहे.

दुसरा, ऑनलाइन अनलॉक सेवा. आयएमईआय द्या, पैसे भरा, दोन दिवसांत फोन मोकळा. यातल्या कित्येक निव्वळ फसवणूक असतात. ज्या खरोखर काम करतात त्यांतल्या काही कंपनीच्या आतला माणूस फोडून किंवा कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरून करतात, हे अमेरिकेतल्या न्यायालयांत सिद्ध झालेलं आहे. एटी अँड टी या अमेरिकन मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन सुमारे १९ लाख फोन सोडवणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला सप्टेंबर २०२१ मध्ये सिएटलच्या न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा दिली. कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरच्या वर होतं. डिसेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या एका माजी दुकानदाराला १० वर्षांची शिक्षा झाली. त्याने टी-मोबाइल या दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरून हाच धंदा कित्येक वर्षं चालवला होता. अशा वाटेने उघडलेल्या फोनची नोंद कंपनीने नंतर पूर्ववत केली तर ग्राहक दाद कुठे मागणार?

तिसरा, थांबणे. भाच्याने नंबर चालू ठेवला तर ११ महिन्यांनी हप्ते आपोआप फिटणार होते आणि खिशातून काहीच जाणार नव्हतं. तोवर फोन वायफायवर वापरायचा.

चौथा, उरलेली रक्कम एकदम भरून रीतसर अर्ज करणे. ११ हप्त्यांचे सुमारे २४५ डॉलर होत होते, तेव्हाच्या दराने वीस हजार रुपयांच्या आसपास. त्यात एक मेख होती. कर्ज मुदतीआधी फेडलं की बिलात दर महिन्याला जमा होणारी रक्कम थांबते. म्हणजे जे भाच्याला फुकट पडलं असतं त्याचे वीस हजार आता खरोखर मोजावे लागणार होते.

पाचवा, फोन परत पाठवून इथे नवा घेणे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आल्यावर भारतात आयफोन १३ ची किंमत ५९,९०० रुपयांवर आली होती.

निर्णय

सरांचा पहिला कल थांबण्याकडे होता. भाच्याला खर्चात पाडायला त्यांचं मन तयार नव्हतं. "पोराने प्रेमानं आणलंय, त्याला आणखी वीस हजारांची फोडणी कशाला?" कॉल संपल्यावर ते आम्हाला म्हणाले.

पण वायफायवरचा फोन त्यांना पुरत नव्हता. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधल्या सिमवरून बँकेला एसएमएस पाठवतं. सिम जुन्या फोनमध्ये आणि ॲप नव्यात, असं चालत नाही. दूधवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत त्यांचे सगळे व्यवहार यूपीआयवर, आणि जुन्या फोनची फुगलेली बॅटरी आणखी ११ महिने खिशात बाळगणं धोक्याचं होतं. जुन्यात नवी बॅटरी घालून थांबणं शक्य होतं. तेही आम्ही सुचवलं, कारण तो खरोखर सगळ्यात स्वस्त मार्ग होता.

निर्णय शेवटी भाच्याने घेतला. त्याच्या मते अकरा महिन्यांनी फोन तेवढाच जुना होणार, आणि त्या काळात आपण कंपनी बदलली किंवा नंबर बंद केला तर उरलेली रक्कम एकदम अंगावर येणारच. ती थकली तर आयएमईआय काळ्या यादीत जाण्याची शक्यताही होती. मामांच्या हातातला फोन आपल्या बिलाला बांधलेला राहावा हे त्याला नको होतं. सरांनी अर्धे पैसे देण्याचा हट्ट धरला. पुढे काय ठरलं तो त्यांचा घरचा मामला.

पैसे भरण्याआधी आम्ही एक गोष्ट तपासायला सांगितली, ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. अनलॉक झालेला फोन इथे चालेलच असं नाही. इथल्या फ्रिक्वेन्सी त्यात असायला हव्यात. सरांचं सिम जिओचं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, ४जी साठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेत विकला गेलेला आयफोन १३ या तिन्हींवर चालतो आणि भारतातला ५जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टाही पकडतो. हे नक्की झाल्यावरच भाच्याला पुढे जायला सांगितलं. एखादा स्वस्त, फक्त अमेरिकेसाठी काढलेला अँड्रॉइड असता तर आमचा सल्ला उलटा असता.

केलेली कृती

क्रम महत्त्वाचा होता. फोन रीसेट करायचा नाही, हे पहिलं. भाचेसूनबाईंनी आपले फोटो क्लाउडवर पूर्ण चढलेत का ते तिकडून पाहून घेतलं. मग भाच्याने कंपनीच्या ॲपमधून उरलेली रक्कम भरली. ती जमा होऊन खात्यावर बाकी शून्य दिसेपर्यंत अर्ज करू नकोस, असं त्याला सांगितलं होतं. आधी केलेला अर्ज थकबाकी दाखवून फेटाळला जातो.

अर्ज ऑनलाइन होता. आयएमईआय, खातेदाराचं नाव, ईमेल. अर्ज पोहोचला, पण पुष्टीची लिंक भाचेसूनबाईंच्या फारशा न वापरातल्या ईमेलवर गेली. ती २४ तासांत उघडायची होती. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. सर इकडून विचारत होते, ते दोघं तिकडे झोपलेले, आणि ईमेल कोणी पाहिलाच नाही. मुदत गेली, अर्ज रद्द. दुसरा अर्ज भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून केला आणि लिंक लगेच उघडली. दोन-तीन दिवसांत मंजुरी आली.

मंजुरी आल्यावर सर धावत दुकानात आले. सिम घातलं, तरी तोच संदेश. ते खचलेच. पण नोंद सर्व्हरवर बदललेली असली तरी फोनने ती अजून विचारलेली नव्हती. आता रीसेट करण्याची वेळ होती. भाचेसूनबाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं, त्यांनी स्वतः पासवर्ड सांगून ॲपल आयडीतून साइन आउट केलं, ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद झाली. मग फोन पूर्ण पुसला, सरांचं सिम ठेवूनच वायफायवर नव्याने सुरू केला. भाषा, देश, आणि वरच्या कोपऱ्यात जिओचं नाव. अबाउटमध्ये जाऊन ओळ पाहिली. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’.

निष्पत्ती

यूपीआय त्याच दुपारी सुरू झालं. फोन आजही सरांकडे आहे. मधल्या काळात आयओएसची अपडेट आली, त्यांनी सिमची कंपनीही बदलली, काही अडलं नाही. रीतसर अनलॉक कायमचा असतो. फोन पुन्हा पुसला तरी लॉक परत येत नाही. जुना अँड्रॉइड आम्ही बॅटरी काढून ई-कचऱ्यात दिला. आमच्या दुकानाला या कामाचे तपासणीपुरते पैसे मिळाले.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी विमानात बसण्याआधीच गेली. कॅरिअर लॉकची ती ओळ भाच्याने न्यू जर्सीत पाहिली असती तर रक्कम भरणं, अर्ज, लिंक, सगळं त्याच्या हाताशी आणि त्याच्या वेळेत झालं असतं. इथे येऊन वायफायवर फोन चालू झाला, म्हणून सगळं ठीक आहे असा समज झाला. मामांचं सिम त्याच्यासमोर घातलं असतं तरी अडचण लगेच कळली असती आणि निदान ॲपल आयडीचा लॉक जागेवरच सोडवता आला असता.

थांबण्याच्या पर्यायाला आम्ही आणखी वजन द्यायला हवं होतं का, यावर आमच्यात अजून मतभेद आहे. जुन्या फोनची नवी बॅटरी दीड हजाराच्या आत झाली असती आणि भाच्याचे वीस हजार वाचले असते. माझं मत भरण्याच्या बाजूने आहे, कारण अकरा महिने सातासमुद्रापारचं एक बिल वेळेवर भरलं जाण्यावर सरांचा फोन टांगून राहिला असता. पण ज्याचा जुना फोन धड आहे आणि यूपीआयची घाई नाही, त्याने थांबावं. तिथे वीस हजार घालवू नयेत.

अर्ज कोणाच्या ईमेलवरून जाणार आणि लिंक कोण उघडणार, हे कॉलवरच ठरवायला हवं होतं. एवढ्याने एक पूर्ण फेरी वाचली असती.

यापुढची प्रकरणं थोडी वेगळी असतील. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम. त्यात चिपचा प्रश्नच उरत नाही आणि घरातलं सिम घालून तपासताही येत नाही. त्यामुळे अमेरिकेहून फोन आणतो म्हणणाऱ्या भाच्या-पुतण्याला चार गोष्टी सांगा, असं आम्ही ग्राहकांना म्हणतो: कॅरिअर लॉकच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठव, हप्ते शिल्लक आहेत का ते बिलात नव्हे तर कंपनीच्या ॲपमध्ये बघ, ॲपल आयडीतून साइन आउट करून आण, आणि फोन फक्त ई-सिमचा असेल तर इथल्या आपल्या कंपनीचं ई-सिम त्यावर चढतं का ते तू निघायच्या आधी मी विचारून ठेवतो.